डावीकडचे बटाटे

ट्रेच्या मधोमध कोंबडी होती. तिच्या उजव्या अंगाला बटाटे दाटीवाटीने बसवले होते, काही तर एकमेकांवर चढले होते. डाव्या अंगाला एकही नव्हता. तिकडचा पत्रा तेवढा चकाकत होता.

"आता जागा नाय उरली," मनोहरकाका म्हणाले. "ऱ्हायलेले असूदेत पातेल्यात."

मी ओट्याशेजारी स्टुलावर गप्प बसले होते. गप्प बसणं हा त्या दिवशी माझ्या कामाचा भाग होता. एरवी मला ते फारसं जमत नाही.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण रत्नागिरीत ते अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हे नाव ऐकून काही जण मुलाचा बायोडेटा घेऊन येतात. त्यांना वाटतं, मी नोकऱ्या लावून देते. काहींना मी मालिशवाली वाटते. खरं काम साधं आहे. आजारपणानंतर माणसाला अंघोळ, कपडे, स्वयंपाक, बाजारहाट ही रोजची कामं पुन्हा जमतील का ते बघायचं, आणि जमावीत म्हणून सराव द्यायचा. फिजिओथेरपिस्ट हात उचलायला शिकवतो. त्या हाताने चहाचं आधण कसं ठेवायचं, ते मी शिकवते.

मनोहरकाका पूर्णगडचे. सगळी उमर मालवाहू जहाजांवर गेली आणि शेवटी चीफ कुक म्हणून रिटायर झाले. बायको वारल्यापासून घरात एकटेच. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे ब्रेन स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला. मेंदूचा कारभार उलटा असतो. उजवी बाजू बिघडली की डावं अंग जातं. नशीब चांगलं, त्यांचा डावा पाय परत आला, हाताची पकडही बरीच आली. बोलणं तर गेलंच नव्हतं. गावातले लोक भेटायला येत आणि जाताना म्हणत, "मनोहर खडखडीत बरा झाला."

ते बरे झालेले नव्हते. अशा स्ट्रोकनंतर काही माणसांच्या जगातली डावी बाजूच हरवते. आम्ही त्याला नेग्लेक्ट म्हणतो. डोळे शाबूत असतात, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. असा माणूस अर्धीच दाढी करतो. ताटातला उजवीकडचा भात संपवतो, डावीकडचा तसाच राहतो, आणि "आज भात कमी शिजवलास" म्हणून घरच्यांवर चिडतो. सगळ्यात मोठी पंचाईत ही की आपलं काही चुकतंय, असं त्याला वाटतच नाही. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून आपल्याला काही कमी वाटतं का? त्याचं डावीकडच्या बाबतीत तसंच असतं.

हे सगळं मी काकांना हॉस्पिटलात समजावून सांगितलं होतं. चित्र काढून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. ती मान डोलावण्याची तऱ्हा मी चांगली ओळखते. "झालं का तुमचं बोलून?" असा तिचा अर्थ असतो.

त्यांची मुलगी स्मिता कल्याणला शाळेत शिक्षिका आहे. रजा वाढवून वाढवून ती पूर्णगडला राहिली होती आणि आता रजा संपत आली होती. घराला कुलूप लावायचं आणि बाबांना कल्याणला न्यायचं, असं तिचं म्हणणं. मी इथून हलणार नाही, हे काकांचं. यावरून बापलेकीत रोज खटके उडत होते. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. मी काय म्हणते ते ऐकायचं.

"मॅडम, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील," स्मिता मला फोनवर म्हणाली होती. "मी सांगितलं की त्यांना वाटतं, पोरगी आपल्या सोयीचं बघते."

काकांनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "बाय, तूच सांग हिला. जन्मभर न्हाणीएवढ्या केबिनीत झोपलो. आता कुठं पाय पसरायला मिळाले, तर परत तसल्याच खोलीत जाऊन ऱ्हाऊ?"

दोघांचंही खरं होतं. अशा वेळी थेरपिस्टचा पंच होतो, आणि पंच कुणालाच आवडत नाही.

मत तर माझं जवळजवळ ठरलेलंच होतं. पण माणसाला त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात काम करताना बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा आमच्या कामातला नियम आहे, आणि तो मी पाळते. सहसा आम्ही चहा करायला आणि अंडं उकडायला सांगतो. तेवढ्यात बरंच काही कळतं.

"अंडं?" काकांचा आवाज चढला. "आख्ख्या जहाजाला जेवण घातलेल्या माणसाला अंडं उकडायला सांगतेस?"

"मग तुम्ही सांगा, काय करता?"

"रोस्ट करतो. आख्खी कोंबडी, बटाट्यांसकट. जहाजावर रविवारी तेच असायचं. तू जेवूनच जा."

मी लगेच हो म्हटलं. यात माझा स्वार्थ होता. अंडं उकडण्यात लपायला खूप जागा असते. कोंबडी भाजण्यात सुरी आहे, विस्तव आहे, गरम पत्रा आहे आणि दोन-तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या आहेत. इथे सगळं उघडं पडणार होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी गेले. रस्त्यावरून घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून जावं लागतं. काकांनी आदल्या दिवशीच पावसच्या कोंबडीवाल्याला फोन करून कातडीसकट कोंबडी मागवली होती. आपल्याकडे न विचारताच कातडी सोलून देतात, आणि कातडीशिवाय रोस्ट होत नाही. कोंबडीला रात्री मीठ चोळून त्यांनी ती फ्रीजमध्ये उघडीच ठेवली होती.

"ओली कातडी भाजत नाय, शिजते," जुन्या धोतराच्या फडक्याने ती टिपत ते म्हणाले. "गॅलीत नवीन पोरं यायची ती हितंच मार खायची."

गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर.

मी स्मिताला पडवीत बसायला सांगितलं होतं आणि काहीही झालं तरी मध्ये बोलू नका म्हणून बजावलं होतं. ती दर थोड्या वेळाने दारातून डोकावायची. मी डोळे वटारले की परत जायची.

सुरुवात सुरेख झाली. काकांनी कोंबडीचे पाय सुतळीने आवळून बांधले. बटाटे सोलले, मोठे तुकडे केले आणि उजव्या शेगडीवर अर्धेकच्चे उकडायला ठेवले. डावी शेगडी पेटवून त्यावर छोट्या कढईत लोणी वितळायला ठेवलं. मी मनात म्हटलं, वा! डावीकडे हात गेला. पण हाताला जिथे जुनं वळण असतं, तिथे नेग्लेक्ट थोडा वेळ दडून राहतो, हेही मला माहीत होतं. बटाट्यांतलं पाणी ओतून त्यांनी पातेल्यावर झाकण दाबून धरलं आणि ते खडखड हलवलं. त्याने बटाट्यांच्या कडा भुसभुशीत होतात आणि त्या कडाच पुढे कुरकुरीत भाजतात.

मग ते लोणी शोधायला लागले.

उजवीकडचं फडताळ बघितलं. फ्रीज उघडला. कढई त्यांच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर होती. "ही पोर सगळं हिकडचं तिकडं करून ठेवते," असं पुटपुटत त्यांनी उजवीकडची तेलाची बाटली घेतली आणि तेच कोंबडीला चोळलं.

त्यानंतर बटाटे ट्रेत गेले, ते सुरुवातीला सांगितलं तसे. त्यातली गंमत अशी की बटाटे भरताना काका मला शिकवत होते. "जहाज डोलतं ना, मग कोंबडी ट्रेमध्ये लोळते. म्हणून दोन्ही अंगांनी बटाटे ठासायचे. पाचर मारल्यागत." दोन्ही अंगांनी म्हणत ते एकाच अंगाला ठासत होते. मला हसू आलं नाही.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. टेबलावर ठेवायचा साधा विजेचा ओव्हन, रिटायर झाल्यावर मुंबईहून आणलेला. दार लावून काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर पेपर सोपा गेल्याचं समाधान होतं. तेवढ्यात त्यांनी नाक वर केलं.

"कायतरी करपतंय. शेजारच्या वहिनीनं दूध ठेवलं असणार."

कढईतून निळा धूर निघत होता. मी आणखी थोडं थांबले, कारण ते वळून बघतात का हे मला बघायचंच होतं. ते खिडकीतून शेजारी बघत होते. मी उठले आणि डाव्या शेगडीचं बटण फिरवलं.

स्मिता दारात उभी होती. "बघितलंत ना, मॅडम?"

"बघितलं."

"मग सांगा ना त्यांना!"

"कसला तमाशा चाललाय?" काका म्हणाले. आता त्यांनी कढई बघितली, तीही मी उचलून त्यांच्या समोर धरली म्हणून. "कुणी ठेवली ही?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी नाय."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्यांनी ती ठेवलीच नव्हती. स्मिताचा चेहरा रडवेला झाला होता. तिच्या मनासारखा पुरावा तिला मिळाला होता आणि तिला तो नको होता.

निकाल तिथेच सांगायला हवा होता. मी तोंड उघडलंही. मग म्हटलं, "आधी कोंबडी होऊ दे." त्या वेळी मी फार मोठा विचार केला होता, असं आज सांगता आलं असतं. पण भूक लागली होती आणि वास सुटला होता, हेच खरं.

आम्ही तिघं पडवीत बसलो. समोर खाली खाडीचं तोंड आणि होड्या दिसत होत्या. एकट्या माणसाने का सोडावी ही जागा, असं मलाही वाटून गेलं. मी काकांच्या जागी असते तर मीही भांडले असते. थोड्या वेळाने काका आपण होऊन उठले.

"फिरवायला हवी आता."

"काय फिरवायचं?" मी विचारलं.

"ट्रे. गॅलीतला ओव्हन कधी सगळीकडं सारखा तापत नाय. अर्ध्यात ट्रे काढून उलटा फिरवून लावायचा. ओव्हन कसला का असेना, फिरवायचाच."

मी त्यांच्या मागे गेले आणि हात पोचेल एवढ्या अंतरावर उभी राहिले. त्यांनी जाड फडकी घेऊन ट्रे ओढला, ओट्यावरच्या पाटावर ठेवला आणि दोन्ही हातांनी गर्रकन उलटा फिरवला. मग तसेच थांबले.

"बटाटे कुठं गेले?"

रिकामा पत्रा आता त्यांच्या उजव्या हाताला आला होता. बटाटे डावीकडे गेले होते, म्हणजे काकांच्या लेखी नाहीसेच झाले होते.

"स्मिते, तू काढलेस?"

"मी कशाला काढू? मी तर बाहेर तुमच्याबरोबर बसले होते."

काकांनी ट्रे परत फिरवला. बटाटे आले. पुन्हा फिरवला. बटाटे गेले. एखाद्या पोराने पत्त्यांची जादू पकडायला बसावं तसे ते ट्रे फिरवत राहिले, आणि दर वेळी त्यांचा चेहरा जास्त उतरत गेला. कोंबडी निवत होती. मी त्यांना थांबवलं नाही. हॉस्पिटलातल्या माझ्या चित्रांनी जे झालं नव्हतं, ते त्या पत्र्यावर होत होतं.

शेवटी मध्ये न बोलण्याचा नियम मीच मोडला. "काका, हा लांब चमचा घ्या. ट्रेच्या उजव्या कडेला टेकवा आणि कडेकडेनं नेत जा. थांबू नका. नजर चमच्यावर ठेवा."

हा आमचा नेहमीचा सराव आहे. मेंदू डावीकडे जात नसेल तर त्याला काठाकाठाने, धरून न्यायचं. चमचा रिकाम्या बाजूवरून सरकत गेला, पुढचा कोपरा वळला, कोंबडीच्या पलीकडे गेला आणि बटाट्याला अडला.

काकांनी चमच्याच्या टोकाने तो बटाटा हलवून बघितला.

"म्हंजे हे होतेच," ते म्हणाले.

"होतेच."

"आणि कढईपण तिथंच होती."

"हो."

"खाली गॅस चालू?"

"हो, काका."

ते ओट्याला हात टेकून उभे राहिले. मग त्यांनी पातेल्यातले राहिलेले बटाटे घेतले आणि रिकाम्या बाजूला एकेक करून लावले, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं. मग शेगडीकडे गेले. उजव्या बटणाला बोट लावलं आणि ते शेगडीच्या कडेकडेनं डाव्या बटणापर्यंत नेलं.

"बाय, ट्रे फिरवता येतो. शेगडी कशी फिरवायची?"

"एकाच बर्नरची शेगडी घेता येईल," मी म्हटलं. "उजवीकडे ठेवायची." हा पर्याय खरोखरच होता आणि मी तो खरोखरच सुचवत होते. आमच्या धंद्यात घर माणसाला सोयीचं करून देणं हे अर्धं काम असतं.

"आणि पाखाडी? उतरताना डाव्या अंगाला कठडा नाय. मी रोज पावाला उतरतो." ते आता स्वतःशीच बोलत होते, जहाज सोडायच्या आधी सगळं जागच्या जागी आहे ना ते बघणाऱ्या माणसासारखे. "आणि रस्ता? एसटी त्याच अंगानं येते." मग स्मिताकडे बघून विचारलं, "मी दाढी तरी नीट करतो की नाय गो?"

स्मिता पुढे आली आणि पदराने त्यांच्या डाव्या गालावरचं कोंबडीचं तेल पुसलं. तिकडचे खुंट तिच्या हाताला लागले असणार.

"इतके दिस सांगितलं का नाय?"

"रोज सांगत होते, बाबा."

कोंबडी छान झाली. काकांनी मांडीच्या सांध्यात सुरीचं टोक खुपसून पाणी स्वच्छ निघतं का ते बघितलं, मग थोडा वेळ तिला तशीच मुरू दिली. लगेच कापली तर सगळा रस पाटावर जातो म्हणे. एका बाजूचे बटाटे लालबुंद झाले होते आणि मागाहून लावलेले फिके होते. काकांनी लाल बटाटे आम्हाला वाढले, फिके स्वतःच्या ताटात भाताशेजारी घेतले. जेवताना मध्येच त्यांनी ताट अर्धं फिरवलं, तिकडचा भात बघितला आणि मान हलवून खायला लागले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताट संपल्यावर ते म्हणाले, "स्मिते, येतो मी कल्याणला. ओव्हन घेऊन येणार."

महिनाभर याच वाक्यासाठी भांडलेली ती बाई हमसून रडायला लागली. "राहू दे ना बाबा, मी आणखी रजा काढते. बघू पुढच्या महिन्यात."

"रजा काढून काढून नोकरी घालवशील. गप जेव."

मला कुणी काही विचारलंच नाही. निघताना काका पाखाडीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. पुढच्या पायरीवर पाय टाकण्याआधी त्यांनी काठी उजव्या कडेला टेकवली आणि पायरीवरून सरकवत डाव्या कडेपर्यंत नेली. मग तिथेच थांबले आणि मला हात केला. मी खाली उतरून गाडीत बसले आणि जरा वेळ गाडी चालू केली नाही. माणूस बरोबर वागतो तेव्हाही वाईट वाटतं, हे मला नवीन नाही, पण त्या दिवशी फार वाटलं.

त्याच आठवड्यात ते कल्याणला गेले. तिथे माझ्या ओळखीची एक थेरपिस्ट त्यांना सराव देते. डावी बाजू थोडी परत आली आहे, पूर्ण येईल असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात सगळे पूर्णगडला येतात, गणपतीतही येतात, आणि काका कुणाला तरी बरोबर घेऊनच पाखाडी उतरतात. रविवारी कल्याणच्या बिल्डिंगमधले शेजारी वास घेत येतात, अशी स्मिताची गोड तक्रार आहे.

मध्यंतरी काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाय, एक विचारायचं ऱ्हायलं. त्या दिवशी तू काय सांगणार होतीस?"

"एकटं राहू नका, हेच सांगणार होते."

"वाटलंच मला. बरं झालं, नाय सांगितलंस. तू सांगितलं असतंस तर मी हट्टानं तिथंच ऱ्हायलो असतो."

माझं शिक्षण, माझा अनुभव आणि माझं स्पष्ट मत, यांचा एवढाच उपयोग झाला असता. हल्ली घरी तपासणीला गेले की मी माणसाला त्याचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आवडतं काम करायला सांगते, आणि जेवणाचा डबा बरोबर नेत नाही.